नांवें अनेक, काळ एक

आपल्या समाजांत लग्नानंतर मुलीचें नांव बदलण्याची चाल पुष्कळ पिढ्या चालत आलेली आहे. माहेरची यमुना सासरीं गेली कीं लक्ष्मी होते. परंतु माहेरचीं माणसें तिला 'यमू' म्हणतात आणि सासरचीं 'लक्ष्मी' म्हणतात, एवढ्यावरून त्या दोन निराळ्या स्त्रिया आहेत असें कोणी समजत नाहीं. उलट एकाच आळींत दोन यमुना राहत असल्या, तर त्या एकच आहेत असेंही कोणी मानीत नाहीं. व्यवहारांत लहान मुलालाही सहज असणारें हें शहाणपण व्याकरणाच्या पुस्तकापुढें बसल्यावर मात्र भल्याभल्यांना सोडून जातें. हा अनुभव मला एका परक्या भाषेच्या अभ्यासांत आला, आणि तो आमच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी, संस्कृत किंवा मराठी शिकतांनाही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सांगत आहें.

मराठीचें व्याकरण शिकविण्यांत बरींच वर्षें गेल्यावर उतारवयांत मीं स्पॅनिश भाषा शिकण्यास आरंभ केला. ही भाषा मूळ स्पेन देशाची खरी. पण आज ती २० राष्ट्रांत राज्यकारभाराची भाषा आहे, आणि त्यांपैकीं बहुतेक राष्ट्रें अमेरिका खंडांत, मेक्सिकोपासून चिलीपर्यंत पसरलेलीं आहेत. आपल्या प्रांतालाही त्या देशाचा संबंध अगदीं नवा नाहीं. १९२२ सालीं मुंबईस येऊन सेंट झेव्हियर कॉलेजांत इतिहास शिकविणारे, आणि १९२६ सालीं तेथें इतिहाससंशोधनाची संस्था काढणारे फादर हेरास हे जन्मानें स्पेनचेच होते.

आम्ही तिघे चौघे मिळून अभ्यास करीत असूं. जवळ दोन पुस्तकें होतीं. एक माद्रिद येथें छापलेलें व दुसरें मेक्सिकोचें. शिवाय एका कोशाच्या शेवटीं क्रियापदांचीं कोष्टकें दिलेलीं होतीं. आमच्यांत सर्वांत लहान अशी एक कॉलेजांत शिकणारी मुलगी होती. चिली देशांतील एका समवयस्क मुलीशीं तिचा पत्रव्यवहार जमला होता, आणि तीं पत्रें मैत्रिणीच्या भाषेंतच वाचावीं अशी तिची मोठी हौस होती. एके दिवशीं तिनें आपली वही माझ्यापुढें ठेविली. तींत सर्व पुस्तकांतून वेंचलेलीं भूतकाळांचीं नांवें एकाखालीं एक लिहिलेलीं होतीं: प्रेतेरितो, प्रेतेरितो इन्देफिनिदो, प्रेतेरितो पेर्फेक्तो सिम्प्ले, प्रेतेरितो पेर्फेक्तो, प्रेतेरितो पेर्फेक्तो कोम्पुएस्तो, आन्तेप्रेसेन्ते, प्रेतेरितो इम्पेर्फेक्तो, कोप्रेतेरितो, प्रेतेरितो प्लुस्कुआम्पेर्फेक्तो, आन्तेकोप्रेतेरितो. मोजून दहा. "सर," ती म्हणाली, "ज्या भाषेंत झालेल्या गोष्टी सांगायलाच दहा काळ लागतात, ती मला या जन्मांत यायची नाहीं. मी पत्रें इंग्रजींतच लिहीन म्हणतें."

तिचें म्हणणें ऐकून मला वाईट वाटलें, कारण तिची बुद्धि चांगली होती व श्रमही कमी नव्हते. ती ज्या भिंतीपुढें थांबली होती ती भाषेची नव्हतीच. ती केवळ नांवांची होती. म्हणून आम्हीं त्या दिवशीं पुढचा धडा बाजूला ठेवून त्या दहा नांवांचीच चौकशी केली.

'बोलणें' या अर्थाचें स्पॅनिश क्रियापद 'आब्लार' असें आहे. त्याचीं भूतकाळचीं नेहमीं लागणारीं रूपें चारच. 'आब्ले' म्हणजे मी बोललों. 'आब्लाबा' म्हणजे मी बोलत होतों, किंवा बोलत असें. 'ए आब्लादो' म्हणजे मी बोललों आहें. 'आबीया आब्लादो' म्हणजे मी बोललों होतों. वहींतील दहा नांवें या चौघांत वांटून दिलीं. पहिल्याच्या वांट्याला तीन आलीं: प्रेतेरितो, इन्देफिनिदो व पेर्फेक्तो सिम्प्ले. 'ए आब्लादो' यालाही तीन आलीं: नुसतें पेर्फेक्तो, पेर्फेक्तो कोम्पुएस्तो व आन्तेप्रेसेन्ते. राहिलेल्या दोघांना दोन दोन. दहांचे चार झालेले पाहतांच त्या मुलीच्या चेहऱ्यावरचें ओझें उतरलें.

पण एका रूपाला इतकीं नांवें कां पडावीं? याचें उत्तर इतिहासांत आहे. स्पॅनिश भाषेचें पहिलें छापील व्याकरण आन्तोनियो दे नेब्रिहा या पंडितानें १४९२ सालीं प्रसिद्ध केलें; म्हणजे कोलंबस अमेरिकेस पोंचला त्याच वर्षीं. नेब्रिहा लॅटिनचा मोठा अभ्यासक. त्यानें लॅटिन संज्ञांचे आपल्या लोकभाषेंत सरळ अर्थ दिले: संपलेला भूत, न संपलेला भूत, आणि संपलेल्याहूनही पलीकडचा भूत. पुढें १७१३ सालीं माद्रिद येथें स्पॅनिश अकादमी स्थापन झाली व १७७१ सालीं तिनें आपलें पहिलें व्याकरण काढलें. या अकादमीनेंही आपलीं नांवें वेळोवेळीं बदललीं आहेत. तिच्या १९३१ च्या व्याकरणांत 'आब्ले' हा प्रेतेरितो इन्देफिनिदो होता. १९७३ सालीं तिनें त्यालाच पेर्फेक्तो सिम्प्ले म्हटलें. परंतु परदेशी विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या पुष्कळ पुस्तकांनीं जुनें इन्देफिनिदो हें नांव सोडलें नाहीं.

तिसरें घराणें आन्द्रेस बेयो याचें. हा १७८१ सालीं काराकास येथें जन्मला, १८२९ पासून चिलींत राहिला, व तेथील विश्वविद्यालयाचा पहिला प्रमुख झाला. १८४७ सालीं त्यानें अमेरिकेंतील स्पॅनिश भाषकांसाठीं एक व्याकरण लिहिलें. लॅटिनचा अंगरखा आपल्या भाषेला जबरीनें घालूं नये, ती जशी आहे तशीच तिची मोजणी करावी, असें त्याचें मत होतें. म्हणून त्यानें नवीं नांवें बनविलीं. 'को' म्हणजे सह, 'आन्ते' म्हणजे पूर्वीं, 'पोस' म्हणजे नंतर. जो भूतकाळ दुसऱ्या एका भूतकाळाबरोबर चालू असतो तो कोप्रेतेरितो. आपण त्याला 'सहभूत' म्हणूं. मेक्सिकोच्या शाळांतून बेयोचींच नांवें रूढ आहेत. अकादमीच्या कोष्टकांतही आज दोन्ही नांवें शेजारीं शेजारीं छापतात. आणि या गोंधळाचा विद्यार्थ्यांना व शिक्षकांना होणारा त्रास कमी व्हावा म्हणून, अकादमीनें इतर देशांतील भगिनीसंस्थांसह २०१९ सालीं व्याकरणाच्या संज्ञांचा एक स्वतंत्र कोश प्रसिद्ध केला आहे. सारांश, माहेरचें नांव, सासरचें नांव आणि आजीनें ठेवलेलें नांव, असा हा प्रकार आहे.

दुसरी अडचण याहून नाजूक. नांव ओळखीचें वाटतें, पण त्याचा अर्थ आपण समजतों तो नसतो. 'पेर्फेक्तो' हा शब्द पाहतांच इंग्रजी शिकलेल्याच्या मनांत 'निर्दोष' हा अर्थ उभा राहतो. मग 'इम्पेर्फेक्तो' म्हणजे कांहीं तरी सदोष, हलकें रूप असावें असें वाटूं लागतें. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र 'शेवटास नेलेलें' एवढाच आहे. आपल्या मराठी व्याकरणांतील 'पूर्ण' आणि 'अपूर्ण' हे शब्द त्याला अगदीं जुळतात. अपूर्ण भूतकाळांत कोणतेंही न्यून नाहीं; क्रिया चालू असतां तिच्या आंत उभें राहून तिच्याकडे पाहणें एवढेंच त्याचें काम.

'इन्देफिनिदो' याची गंमत तर विलक्षण आहे. या शब्दाचा अर्थ 'अनिश्चित'. आणि तो काळ वापरावयाचा कोठें, तर काल, गेल्या वर्षीं, १४९२ सालीं अशा अगदीं निश्चित वेळेबरोबर! शिवाय शेजारच्या फ्रेंच भाषेच्या जुन्या व्याकरणांत 'आब्ले'शीं जुळणाऱ्या साध्या रूपाला 'निश्चित भूत' म्हणत, व 'अनिश्चित भूत' हें नांव 'ए आब्लादो'सारख्या संयुक्त रूपाला देत. डोंगराच्या एका बाजूला जें नांव एकाचें, तेंच दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचें. ज्यानें नांवावरूनच अर्थ ठरविण्याचा हट्ट धरला, त्याची वाट येथें खात्रीनें चुकते.

मग 'आब्ले' व 'आब्लाबा' यांत खरा भेद कोणता? थोडा वेळ चाललेली गोष्ट पहिल्या रूपानें व पुष्कळ वेळ चाललेली दुसऱ्यानें सांगावी, अशी एक समजूत विद्यार्थ्यांत पसरलेली असते. ती बरोबर नाहीं. या भेदाचा उलगडा आम्हांला एका पत्रानें झाला, तो सांगतों.

चिलीच्या त्या मैत्रिणीचें पत्र दोन महिने आलें नव्हतें. अखेर तें आलें, आणि आमच्या विद्यार्थिनीनें तें घाबऱ्या घाबऱ्या माझ्याकडे आणलें, कारण दुसऱ्याच ओळींत 'आई' आणि 'आजारी' हे शब्द तिला दिसले होते. वाक्य असें होतें: तुझें पत्र आलें तेव्हां माझी आई आजारी होती. येथें 'होती' या अर्थीं 'एस्ताबा' हें रूप होतें, म्हणजे बेयोचा सहभूत. या रूपानें दार उघडलें जातें, पण बंद केलें जात नाहीं. पत्र आलें त्या क्षणीं आजार चालू होता एवढेंच तें सांगतें. पुढें काय झालें, आई बरी झाली कीं नाहीं, याविषयीं तें मुकें असतें. मुलगी पुढची ओळ शोधूं लागली. चार ओळींनंतर तें वाक्य सांपडलें: ती तीन आठवडे अंथरुणावर होती. आतां 'होती' याच अर्थीं 'एस्तुवो' असें रूप होतें. तीन आठवडे हा काळ कांहीं थोडा नव्हे. तरीही साधें प्रेतेरितो, कारण बोलणारीनें त्या सगळ्या तीन आठवड्यांना एक कुंपण घालून तें शेत मागें टाकलें होतें. अंथरूण सुटलें होतें. पुढच्या ओळींत आईनें स्वतः सांगितलेला नमस्कारही होता.

त्या मुलीनें तें पत्र मोठ्यानें वाचलें, आणि मग म्हणाली, "मराठींत दोन्हीकडे 'होती'च. मी भाषांतर करून वाचलें असतें तर मला ही फट दिसलीच नसती." तिनें जें ओळखलें तेंच या सर्व प्रकरणाचें मर्म आहे. भेद वेळाच्या लांबीचा नसून पाहण्याच्या जागेचा आहे. शंभर वर्षें चाललेलें युद्धसुद्धां, तें संपलें असें बाहेरून पाहून सांगावयाचें असेल तर, स्पॅनिश माणूस 'एस्तुवो'च्याच जातीच्या रूपानें सांगतो. आणि क्षणभराची गोष्टसुद्धां तिच्या मध्यावर उभें राहून सांगावयाची असली, तर 'एस्ताबा'च्या जातीचें रूप घेतो. कधीं कधीं या भेदानें शब्दाचा अर्थच पालटतो. 'नो केरीया इर' म्हणजे मला जावयाचें नव्हतें. मी गेलों कीं नाहीं तें गुलदस्तांत. 'नो कीसे इर' म्हणजे मी जाण्यास नकारच दिला.

येथें मराठीचें वेगळेपणही लक्षांत घेण्यासारखें आहे. स्पॅनिशमध्यें जो एक इम्पेर्फेक्तो, त्याच्या जागीं आपल्याकडे दोन कोठ्या आहेत. 'मी त्या वेळीं नदीवर जात होतों' हा अपूर्ण भूतकाळ, आणि 'लहानपणीं मी रोज नदीवर जात असें' हा रीति भूतकाळ. स्पॅनिश माणूस दोन्हीकडे एकच रूप वापरतो. उलट 'होती' या आपल्या एका शब्दांत त्याचीं दोन रूपें मावतात. प्रत्येक भाषेनें एकाच शेताचे वांटे निरनिराळ्या बांधांनीं पाडलेले असतात. एकीचा नकाशा दुसरीवर ठेवून बांध जुळत नाहींत म्हणून रागावण्यांत अर्थ नाहीं.

आतां एकाच आळींतील दोन यमुनांकडे वळूं. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी इंग्रजींत 'जेरंड' शिकतात. 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइझ' या वाक्यांतील पहिला शब्द जेरंड. तो नामाचें काम करतो. स्पॅनिशमध्यें 'हेरुन्दियो' नांवाचें रूप आहे, आणि तें त्याच लॅटिन शब्दापासून निघालेलें आहे. पण त्याचें काम नामाचें नाहीं. 'नादान्दो' म्हणजे पोहत, पोहतां पोहतां. 'पोहणें हा चांगला व्यायाम आहे' असें म्हणावयाचें तर स्पॅनिशमध्यें 'नादार' हें मूळ रूपच घेतलें पाहिजे. नांव एक, कूळ एक, पण धंदा निराळा.

त्याचप्रमाणें 'तिएम्पो' आणि 'मोदो' यांचीही गल्लत होते. तिएम्पो म्हणजे काळ. मोदो म्हणजे आपल्या व्याकरणांत ज्याला 'अर्थ' म्हणतात तो. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ यांतला. क्रिया केव्हां घडली हें काळ सांगतो. बोलणारा ती घडलेली म्हणून सांगतो, कीं इच्छा, शंका, आज्ञा म्हणून बोलतो, हें अर्थ सांगतो. 'सुबहुन्तिवो' हा काळ नसून मोदो आहे, आणि त्याच्या पोटांत पुन्हां स्वतंत्र काळ आहेत. म्हणून नुसतें 'इम्पेर्फेक्तो' म्हणून भागत नाहीं. 'आब्लाबा' हा एक इम्पेर्फेक्तो व सुबहुन्तिवोंतील 'आब्लारा' हा दुसरा. आणि 'मी बोलेन' याच्या जवळचें 'मी बोललों असतों, बोलेन म्हणालों' अशा छटेचें 'आब्लारीया' हें रूप तर विद्वानांनाही चकवून गेलें. अकादमीनें १९३१ सालीं त्याला स्वतंत्र मोदो मानलें, १९७३ सालीं काळांच्या रांगेंत आणून बसविलें, आणि बेयोनें १८४७ सालींच त्याला भूतानंतरचा काळ ठरवून ठेविलें होतें. रूप मात्र एवढ्या अवधींत तसूभरही हललें नाहीं.

हें सर्व परक्या भाषेचें झालें. आपल्या घरीं काय आहे? मुलाला हांक मारली कीं तो आंतून ओरडतो, "आलोंच!" आणि तो अजून जागचा उठलेलाही नसतो. रूप भूतकाळाचें, अर्थ भविष्याचा. 'पाऊस आला तर पीक वांचेल' येथेंही तेंच. म्हणूनच आपल्या व्याकरणकारांनीं लाख्यात, वाख्यात, ताख्यात अशीं नांवें योजलीं. 'ला' प्रत्यय असेल तें लाख्यात, मग त्याचा अर्थ कोणत्याही काळाचा असो. तोंडपाठ करतांना विद्यार्थी या नांवांना कंटाळतात. परंतु रूपाचें नांव रूपावरून ठेवावें व अर्थ वाक्यांत शोधावा, हा त्यांतील विचार मोठा स्वच्छ आहे.

व्याकरणाचें नांव ही दुसऱ्याची भाषा शिकूं पाहणाऱ्यानें रोवलेली खुंटी असते. इंग्लंडहून गोव्यास आलेले जेजुइट पाद्री फादर स्टीफन्स, ज्यांचें ख्रिस्तपुराण मराठी वाचकांस ठाऊक आहे, त्यांनीं कोंकणीचेंही व्याकरण लिहिलें होतें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं रायतूर येथें छापलें गेलें. तें पोर्तुगीज भाषेंत व लॅटिन व्याकरणाच्या धर्तीवर आहे, कारण शिकणाऱ्यांना तीच धर्ती ओळखीची होती. खुंटी उपयोगाची असते. पण खुंटीलाच घर समजूं नये.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापुढेंही परीक्षेच्या दिवसांत अशा नांवांच्या रांगा उभ्या राहतील. त्या वेळीं तीन प्रश्न विचारा. हें नांव कोणत्या रूपाचें? तें रूप वाक्यांत काम काय करतें? आणि हें नांव कोणीं, कोणत्या बाजूनें पाहून ठेवलें? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें आलीं कीं तिसऱ्याची भीति उरत नाहीं. आणि आईबापांना एक विनंती. मूल "मला हा विषय येत नाहीं" म्हणून पुस्तक मिटूं लागलें, तर तें विषयापुढें थांबलें आहे कीं केवळ त्याच्या नांवांपुढें, एवढें एकदां जवळ बसून पहावें. दहांचे चार होण्यास पुष्कळदां एक संध्याकाळ पुरते.